इग्वानाच्या पिल्लाला काय घालावं? वाटीइतकंच ऊब आणि उन्हाकडेही बघा

पत्र : आमच्या अकरावीतल्या मुलानं दिवाळीनंतर हिरव्या इग्वानाचं पिल्लू आणलं. शेपटीसकट फूटभर आहे. विकणाऱ्यानं सांगितलं की रोज काकडी, कोबी आणि केळं द्या, वाढीचं वय आहे म्हणून आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं द्या. आम्ही पूर्ण शाकाहारी, तरी जीव जगावा म्हणून अंडंही आणतो. काचेची पेटी खिडकीत ठेवली आहे, सकाळी तिच्यावर ऊन येतं. पण गेल्या पंधरा दिवसांत त्याचं खाणं कमी झालंय, दिवसभर डोळे मिटून बसतं, आणि काल हातावर घेतल्यावर पुढच्या पायाची बोटं थरथरताना दिसली. थंडीमुळे असेल का? त्याला नेमकं काय, किती आणि कसं घालावं?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आधी त्या थरथरीचं बोलू, खाण्याचं नंतर. बोटं थरथरणं हे थंडीनं कुडकुडणं नव्हे. सरडे माणसासारखे कुडकुडत नाहीत. वाढत्या पिल्लाच्या रक्तात कॅल्शियम कमी पडलं की स्नायू असे फडफडतात. शरीर मग हाडांतलं कॅल्शियम काढून वापरू लागतं आणि हाडं मऊ पडतात. आज घरीच हे तपासा: खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, की सुजल्यासारखा किंवा रबरासारखा लवचिक लागतो? (बोट अगदी हलकं लावा, दाबू नका.) अंगानं हडकुळं असून मांड्या मात्र टणक आणि फुगीर दिसतात का? चालताना पोट जमिनीवरून उचलतं, की फरफटत जातं? यातलं एकही दिसलं तर पशुवैद्याकडे जाणं उद्यावर टाकू नका. बाकी काही दिसलं नाही तरी नुसत्या थरथरीसाठीसुद्धा या आठवड्यात दाखवाच. एक्स-रे काढून हाडांची स्थिती कळते आणि गरज असेल तर कॅल्शियम इंजेक्शननं किंवा तोंडावाटे औषध म्हणून दिलं जातं. तोवर त्याला कमीत कमी हाताळा, उंच फांदीवर चढू देऊ नका. अशा वेळी हाडं छोट्याशा पडण्यानंही मोडतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर गावोगावी नसतात. सांगली-मिरजेत पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांना आधी फोन करून "इग्वाना बघता का?" असं स्पष्ट विचारा. तिथं सोय झाली नाही, तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारणा करून मग निघा. पिल्लाला मोटारसायकलवर वाऱ्यात नेऊ नका. छिद्रं पाडलेला थर्मोकोलचा डबा, त्यात सुती कापडात सैल गुंडाळलेलं पिल्लू, आणि शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, एवढी तयारी हवी.

आता अंडं. ते आजपासून बंद करा. हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर राहणारा, पाला खाणारा प्राणी आहे, आणि अंड्यातून बाहेर आल्यापासूनच तो पाला खातो. पिल्लाला वाढीसाठी जास्त प्रथिनं लागतात हे विकणाऱ्याचं म्हणणं खरं आहे, पण ती त्याला कोवळ्या पानांतून आणि शेंड्यांतून मिळतात. अंडं, पनीर, मांजराचं खाद्य, किडे हे सगळं काही महिने चालल्यासारखं वाटतं, वजनही वाढतं. नंतर भार पडतो मूत्रपिंडांवर. शरीरात युरिक ॲसिड साठतं, सांधे सुजतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. त्यातही अंड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस तिपटीहून जास्त. तुमच्या घरच्या शाकाहाराची या जिवाला अडचण नाही, उलट सोयच आहे.

काकडी, कोबी, केळं यांचं गणित कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या प्रमाणात आहे. इग्वानाच्या एकूण खाण्यात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम असावं, निदान बरोबरीनं तरी हवंच. १०० ग्रॅम काकडीत साधारण १६ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २४ फॉस्फरस. केळ्यात ५ आणि २२. द्राक्षात १० आणि २०. म्हणजे पिल्लू पोटभर खातं, आणि तरी रोज थोडं थोडं हाड गमावतं. कोबीत कॅल्शियम बरं असतं, पण कोबी-फ्लॉवर रोज दिले तर त्यांतले घटक थायरॉइडला आयोडीन वापरू देत नाहीत. पंधरवड्यातून एखाद्या वेळी चार तुकडे गेले तर बिघडत नाही, पण रोजच्या वाटीत त्यांना जागा नको.

मग वाटीत काय? सांगलीत राहून इग्वाना पाळणाऱ्याला खरं तर चाऱ्याची ददात नाही. रोजच्या वाटीत चार भागांपैकी तीन भाग हिरवा पाला हवा. त्यात हे चार मुख्य धरा: शेवग्याचा पाला, तुतीची पानं, हादग्याचा पाला आणि लसूणघास. चारही कॅल्शियमनं समृद्ध आहेत, आणि कोवळे असतील तर प्रथिनंही चांगली असतात. एका दिवशी यातले दोन मिसळा, दुसऱ्या दिवशी जोडी बदला. सोबत जास्वंदीची पानं-फुलं, मेथी, कोथिंबीर, मोहरीचा पाला आलटून पालटून द्या. जास्वंदीचं लाल फूल तर रुसलेल्या पिल्लालाही वाटीकडे आणतं. उरलेला एक भाग किसलेला तांबडा भोपळा, बारीक चिरलेला घेवडा, दोडका, थोडं गाजर किंवा रताळं. फळ आठवड्यातून दोनदा, तेही करंगळीच्या नखाएवढे दोन तुकडे. फळांत पपई आणि अंजीर निवडा, त्यांच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. केळ्याची आणि द्राक्षाची चटक लागलेलं पिल्लू पाला बाजूला सारतं, म्हणून ती फळं घरात असली तरी त्याच्यासमोर नेऊ नका.

पालक, चुका, चाकवत, राजगिरा, तांदुळजा, अंबाडी, अळू, घोळ या आपल्या रोजच्या पालेभाज्या मात्र जपून. त्यांत ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते आतड्यातच कॅल्शियमला धरून ठेवतं आणि विष्ठेवाटे बाहेर नेतं. पालकात कॅल्शियम आहे असं वाचून लोक रोज पालक देतात, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. तुमच्या पिल्लाची हाडं सुधारेपर्यंत या भाज्या पूर्ण बंद ठेवा.

द्राक्षाच्या पानांबद्दल वेगळं सांगायला हवं. परदेशी पुस्तकांत इग्वानासाठी द्राक्षाची पानं उत्तम म्हणून लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे, कॅल्शियम त्यांत भरपूर असतं. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडे तर बागाच बागा, कोणीही पिशवीभर पाला आणून देईल. पण तो देऊ नका. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा आणि भुरी या रोगांसाठी बागेवर फवारण्यांमागून फवारण्या होतात, बोर्डो मिश्रणातलं मोरचूद पानांवर बसतं, आणि आंतरप्रवाही औषधं पानाच्या आत शिरलेली असतात. ती मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये धुऊनही निघत नाहीत. अंगणात बिनफवारणीची वेल असेल तरच तिची पानं घ्या. याउलट रेशीमशेती करणारा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याच्या बागेतला तुतीचा पाला निर्धास्त आणा. औषधाचा अंश असलेल्या पानानं रेशमाचे किडेच मरतात, म्हणून तो शेतकरी पाल्याला स्वतःच जपतो. लसूणघास घेतानाही शेवटची फवारणी कधी झाली, शेजारी कोणतं पीक आहे, हे विचारून घ्या. सर्वांत चांगलं म्हणजे गच्चीवर मोठ्या कुंडीत एक शेवगा आणि एक तुती लावा. दोन्ही फांदीवरून येतात, छाटलं की कोवळी फूट देतात, आणि पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढून मंडईत भाजी येईनाशी झाली तरी पिल्लाचं अडत नाही.

चिरायचं कसं, यालाही महत्त्व आहे. इग्वाना घास चावून खात नाही, दातांनी पान कापतो आणि गिळतो. शेवग्याचे देठ काढून नुसती पानं घ्या. बाकीचा पाला आधी धुऊन, मग बारीक चिरा. कोणताही तुकडा पिल्लाच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा मोठा नको. भोपळा, रताळं, गाजर कच्चंच, पण किसून. सगळं एकत्र कालवा, नाहीतर ते वेचून वेचून फक्त गोड खातं. वाटी पसरट आणि जड असावी. फ्रिजमधला पाला थेट घालू नका, अर्धा तास बाहेर काढून ठेवा. मीठ, फोडणी, भात, पोळी, कांदा, लसूण यांतलं काही नको. खोलीत मोकळं सोडत असाल तर मनी प्लांट, डिफेनबेकिया, कण्हेर, घाणेरी यांच्या कुंड्या आधी हलवा.

किती द्यायचं याचा हिशेब सोपा. फूटभर पिल्लाला सकाळी छोटी आमटीची वाटी सैल भरून द्या आणि दुपारी बघा. वाटी चाटूनपुसून रिकामी असेल तर आणखी अर्धी घाला. पाला जास्त झाला म्हणून वाढतं पिल्लू बिघडत नाही, त्यामुळे त्याला तोलूनमापून उपाशी ठेवायचं कारण नाही. रोज द्यायचं, एक दिवसाआड नाही. उरलेलं दुपारी चारनंतर उचला. संध्याकाळी खाल्लेलं रात्रीच्या गारव्यात पोटात तसंच पडून राहतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या थंडीकडे येऊ. थरथर थंडीची नाही, पण खाणं कमी होण्यामागे थंडी नक्की आहे. इग्वानाच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव पाला आंबवून पचवतात, आणि हे काम अंग ३५ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट चालत नाही. जानेवारीत सांगलीत रात्रीचा पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो. उघड्या खोलीतलं पिल्लू सकाळी इतकं गार असतं की त्याला भूकच लागत नाही. पेटीच्या एका टोकाला, जाळीच्या बाहेरून, ६० वॅटचा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन लावा. त्याखालच्या फांदीवर तापमान ३५ ते ३७ अंश यायला हवं, दुसऱ्या टोकाला २७ ते २९, आणि रात्री २४ च्या खाली जायला नको. अंदाजानं ठरवू नका, तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर फांदीवर बांधा. जास्त तापलं तर बल्ब वर घ्या, कमी पडलं तर खाली. पिल्लाची उडी बल्बपर्यंत पोचता कामा नये, पोचली की भाजतं. रात्री उजेड नको, म्हणून सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावा. त्याला होल्डर पोर्सिलेनचाच घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. तळाला तापणारे दगड किंवा पॅड नकोत. हा प्राणी ऊब वरून, पाठीवर घेतो, आणि पोटाखालचा चटका त्याला वेळेवर कळत नाही. वीज गेली तर पेटीवर घोंगडी टाका, आत टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, आणि ऊब परत येईपर्यंत खायला घालू नका. रोजचा क्रम असा ठेवा: सकाळी दिवा लावा, तासभर पिल्लाला शेकू द्या, मगच वाटी ठेवा.

खिडकीतल्या उन्हाबद्दल मात्र तुमचा गैरसमज झाला आहे, आणि हाडं मऊ पडण्याचं मोठं कारण बहुधा हेच असावं. पाल्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला डी-३ जीवनसत्त्व लागतं. ते इग्वानाच्या कातडीत अतिनील-बी किरणांनी तयार होतं, खाण्यातून घालून त्याची भरपाई नीट होत नाही. खिडकीची आणि पेटीची काच ऊब आत सोडते, पण हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणजे तुमचं पिल्लू दोन महिने उजेडात बसलं, पण कामाचं ऊन त्याला मिळालंच नाही. रोज २० ते ३० मिनिटं त्याला जाळीच्या पिंजऱ्यात थेट उन्हात ठेवा. बाळाला दाखवतो तसं सातचं कोवळं ऊन इथे उपयोगी नाही. सूर्य खाली असताना अतिनील-बी किरण वातावरणातच अडतात. सध्या साडेनऊ ते अकरा ही वेळ चांगली. एप्रिल-मेमध्ये साडेआठ ते साडेनऊ. पिंजऱ्याचा अर्धा भाग पोत्यानं झाका, म्हणजे त्याला सावलीत सरकता येईल. तोंड आ वासून बसलं की ते फार तापलंय, लगेच सावलीत घ्या. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नका, आतलं पिल्लू काही मिनिटांत मरू शकतं. पिंजऱ्याला कडी पक्की हवी, कारण उन्हानं तापलेला इग्वाना अतिशय चपळ होतो, आणि गच्चीवर मांजरं, कावळे, घारी असतातच. पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडत नाही, त्यासाठी सरड्यांसाठीची यूव्हीबी (म्हणजे अतिनील-बी किरणांची) ट्यूब घ्या. ती जाळीवर, खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर, दिवसाचे १०-१२ तास. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. ट्यूब पेटत असली तरी सहा महिने ते वर्षभरात किरण संपत येतात, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

वरून कॅल्शियमही द्यावं लागेल. फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम कार्बोनेटची पूड चिमूटभर, आठवड्यातून पाच दिवस, ओल्या पाल्यावर भुरभुरवा. सरड्यांसाठीची मल्टिव्हिटॅमिन पूड असेल तर ती आठवड्यातून एकदाच. इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. कोणी गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर सुचवतं, त्यात बहुधा डायकॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणजे नको तो फॉस्फरस. कोणी खायचा चुना लावतं, तो दाहक आहे, तोंड आणि अन्ननलिका भाजते. आणि कोणी घरातली डी-३ ची पुडी देतं. माणसाच्या त्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात, एवढ्यानं या पिल्लाच्या रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साठून ते दगावू शकतं. दुकानातल्या बहुतेक कॅल्शियम गोळ्यांतही डी-३ मिसळलेलं असतं, वेष्टण वाचूनच घ्या. औषधाची मात्रा डॉक्टर ठरवतील तीच. अँटिबायोटिकही स्वतःच्या मनानं नको, त्यानं आतड्यातले पाला पचवणारे जीवाणूच मरतात.

पिल्लू नवीन पाल्याकडे बघणार नाही, ही भीती बाळगू नका. आधी ऊब आणि ऊन दुरुस्त करा, दोन-तीन दिवसांत भूक बदललेली दिसेल. सुरुवातीला ओळखीच्या काकडीत पाव भाग शेवगा-तुती बारीक करून मिसळा आणि दर दोन-तीन दिवसांनी काकडी कमी करत न्या, दहा-बारा दिवसांत ती संपली पाहिजे. पाला ओलाच वाढा, आणि सकाळ-दुपार पानांवर व भिंतीवर पाणी फवारा. हे पिल्लू वाटीपेक्षा थेंबांचं पाणी आवडीनं पितं. तळाला वर्तमानपत्र घाला. वाळू किंवा भुसा पाल्यासोबत पोटात जाऊन आतडं तुंबतं. नीट खाणाऱ्या पिल्लाची विष्ठा जवळपास रोज होते: गडद, बांधलेली, सोबत पांढरा भाग आणि थोडं पाणी. दोन दिवस झाली नाही तर ३० अंशांच्या कोमट पाण्यात, पोट बुडेल इतक्याच खोलीत, १५-२० मिनिटं ठेवा आणि शेजारून हलू नका. पातळ आणि दुर्गंधीची असेल तर ताजा नमुना डबीत घेऊन जंतांची तपासणी करा. ऊब बरोबर असूनही तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर घरगुती उपाय थांबवा.

दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. मुलालाच ते काम द्या. वाढत्या पिल्लाचं वजन दोन आठवडे जागचं हललं नाही किंवा घटलं, तर डोळ्यांना काही दिसायच्या आधी वही सांगते. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि आठवडाभर काय घातलं त्याची यादी सोबत न्या.

पिल्लाची वाटी, पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या मोरीत घासू नका. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जीवाणू असू शकतो. घासणी वेगळी ठेवा, हाताळल्यावर साबणानं हात धुवा, आणि घरात आजी-आजोबा किंवा पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्यांच्या हाती देऊ नका.

हे पिल्लू नीट जगलं तर शेपटीसकट दीड मीटरपर्यंत वाढेल, तेव्हा आत्ताची पेटी वर्षभरही पुरणार नाही. उभा, जाळीचा, फांद्यांचा पिंजरा करायची तयारी ठेवा. शिवाय ही जात साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर करायची असते. खरेदीची पावती विकणाऱ्याकडून मागून घ्या. ती मिळत नसेल तर लपवून न ठेवता सांगलीच्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढं काय करायचं ते विचारा.